मदत हवी आहे: १४ वर्षं उभी असलेली मोटो गुझी ८५०-टी३ मोटरसायकल

मंडळी, मी मिलानजवळ राहतो. घरमालक आजोबांनी त्यांची १९७७ची गुझी माझ्या हवाली केलीय. टाकी गंजलीय, डेलॉर्टो कार्ब्युरेटर चिकटलेत. ते मी निस्तरीन. काळजी सिलिंडरची आहे. त्यांना आतून क्रोमचा मुलामा असतो. प्लगच्या भोकातून तेल सोडून दोन दिवसांनी इंजिन हाताने फिरवलं, फिरलं. पण कॅमेरा घातला तर डावीकडे नखाएवढं क्रोम उडालेलं दिसलं. ते कण तेलात गेले तर बेअरिंगची वाट लागेल, म्हणून अजून स्टार्ट केलेली नाही. क्रोममुळे रीबोअर (सिलिंडर आतून कोरून मोठा करणं) करता येत नाही. निकासिलचे (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असलेले) नवे सिलिंडर आणि पिस्टन घालू, की जुन्यांनाच नव्याने प्लेटिंग करून घेऊ? कुणी केलं असेल तर कृपया सांगा. आजोबांना मागे बसवून एकदा मांदेल्लोला न्यायचंय, ही गाडी जिथे बनली तिथे.