मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांवर मुलीचे भाषण

दुपारचा_चहा: परवा मुलीचे भाषण आहे आणि विषय 'दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ले व युद्धनीती' असा आला आहे. दोन रात्री बसून आम्ही जे लिहिले, त्यात सनावळ्या आणि मृतांचे आकडे यांखेरीज काही नाही, आणि मुलगी ते पाढ्यांसारखे म्हणते. काय ठेवावे, काय गाळावे, हे कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_मास्तर: इयत्ता कोणती, वेळ किती, स्पर्धा आहे की वर्गातले सादरीकरण, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. तूर्त एवढेच सांगतो की, हात मागे बांधू नयेत.

दुपारचा_चहा: मास्तर, हातांचे नंतर पाहू. इयत्ता नववी, चार मिनिटे, आंतरशालेय स्पर्धा.

जुनी_पेटी: इंग्लंडमधले कॉव्हेंट्री शहर घ्या. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री शहर जळणार हे चर्चिल यांना आधीच ठाऊक होते, परंतु जर्मन संदेश आपल्याला वाचता येतात हे गुपित फुटू नये म्हणून त्यांनी ते जळू दिले. एवढे सांगितले की सभागृह स्तब्ध होते.

नकाशावेडा: सभागृह स्तब्ध होईल आणि परीक्षकांत इतिहासाचे कोणी असले तर गुणही जातील. मोठा हल्ला येणार हे कळले होते, पण तो कॉव्हेंट्रीवरच येणार हे चर्चिल यांना आधी ठाऊक असल्याची कथा पुराव्यावर टिकलेली नाही.

जुनी_पेटी: मी ती दोन पुस्तकांत वाचली आहे.

नकाशावेडा: अशा पुस्तकांनीच ती पसरवली.

गिरगावकर: मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४ चा स्फोट का घेत नाही? आपल्या मातीतला विषय आहे.

निवृत्त_मास्तर: तो जहाजातील दारूगोळ्याचा अपघात होता, बॉम्बहल्ला नव्हे.

रडारकाका: ताई, सगळे युद्ध सोडून द्या आणि एकच पट्टी घ्या. काळ्या कागदाला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली ही पट्टी सुमारे २७ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असे. ही लांबी जर्मन रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी होती, त्यामुळे विमानांतून अशा पट्ट्यांचे गठ्ठे सोडले की रडारच्या पडद्यावर खऱ्या विमानांचे ठिपके खोट्या ठिपक्यांत हरवून जात. ब्रिटिशांकडे ही युक्ती वर्षभराहून अधिक काळ पडून होती; आपण वापरली तर शत्रू उचलेल, ही धास्ती होती. गंमत अशी की जर्मनांनाही ती सुचलेली होती आणि त्यांनीही ती त्याच धास्तीने दडवून ठेवली होती.

अखेर २४ जुलै १९४३ च्या रात्री जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावर निघालेल्या सुमारे ७९० विमानांनी ती वापरली आणि त्यांपैकी फक्त १२ परतली नाहीत. तीनच रात्रींनी, २७ जुलैला, त्याच शहरात आगींचे लोळ एकमेकांत मिसळून अग्निवादळ उठले. त्या आठवडाभराच्या हल्ल्यांत तिथे ३५ हजारांहून अधिक माणसे गेली.

नकाशावेडा: उत्तम, पण शहरच का जाळले, हे राहिले. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिशांनी आपल्याच विमानांनी काढलेली छायाचित्रे तपासली, तेव्हा लक्ष्यावर मारा केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमाने लक्ष्याच्या आठ किलोमीटरांच्या आत पोचल्याचे दिसले. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नाही, शहर सापडते, या हिशेबानेही फेब्रुवारी १९४२ मध्ये शहरांवर सरसकट मारा करण्याचे आदेश निघाले. ही दोन वाक्ये पट्टीच्या आधी हवीत.

दुपारचा_चहा: पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची पट्टी कापून मुलीच्या हातात दिली आहे. आकडे तीनच ठेवले. मात्र फॉइल लगेच वळते, मंचावर सरळ राहत नाही.

रडारकाका: मागे काळा कार्डपेपर चिकटवा. मूळ पट्टीलाही कागदाचाच आधार होता.