ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते: डिस्क पुन्हा लेथवर घ्यावी की बदलावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. माझी गाडी ५८,००० किलोमीटर चालली आहे. रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरल्यापासून ताशी ७०-८०च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागते आणि पेडल पायाला ठोके देते. ब्रेक सोडला की गाडी शांत चालते. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क लेथवर फेस करून (तोंड कातून सपाट करून) घेतल्या, पण दीड हजार किलोमीटरनंतर तोच त्रास पुन्हा सुरू झाला. आता पुन्हा कट घ्यावा की नवीन डिस्क बसवाव्यात? वयस्क आईवडिलांना घेऊन याच घाटाने नेहमी जाणे-येणे असल्यामुळे ही गोष्ट अर्धवट सोडायची नाही.

उत्तर (शिवाजी उद्यमनगर)

मी लेथवर काम करतो, तरीही आधी लेथकडे जाऊ नका असेच सांगेन. काही काळ बरे वाटून त्रास परत येतो, तेव्हा दोष बहुधा डिस्क जिथे बसते त्या हबच्या तोंडावर असतो. आपल्याकडच्या पावसात तिथे गंजाचा थर धरतो, त्यावर डिस्क किंचित तिरकी बसते, आणि फिरताना तिचा एकच भाग दर फेरीला ब्रेक पॅडला घासून पातळ होत जातो. जाडीतला हा फरक एक-दोन शतांश मिलिमीटर (०.०१-०.०२) झाला तरी पेडलला जाणवू शकतो. म्हणून चाक काढून हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा, नट आवळून डिस्क पक्की बसवावी आणि डिस्क फिरवताना ती किती डुलते हे काट्याने दाखवणारे डायल गेज लावावे. बऱ्याच गाड्यांत काटा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. त्यानंतर मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजावी. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाणार असेल तर कट घेऊच नये, कारण पातळ डिस्क घाटात लवकर तापते आणि तडकू शकते.

उत्तर (कदमवाडी)

चाकाचे नट एअर गनने कमी-जास्त आवळले गेले तरी डिस्क तिरकी ओढली जाते. ते टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळून घ्या. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

प्रश्नकर्ता

आज उद्यमनगरात समोर उभे राहून काम करून घेतले. उजव्या हबवर नखाने खरवडला तरी न सुटणारा गंजाचा तांबूस थर होता. आधी काटा ०.१४पर्यंत हलत होता, हब घासल्यावर ०.०४वर आला. किमान जाडी २० मिलिमीटर कोरलेली आहे आणि डिस्क २०.८ भरली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ०.१५चा कट घेतला व पॅड नवे टाकले. नवे पॅड डिस्कवर नीट बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०वरून हलकेच दहा-बारा वेळा ब्रेक लावले, मध्ये डिस्क थंड होऊ दिल्या. पेडल आता स्थिर आहे. दोन हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा गेज लावून आकडा इथेच लिहीन.