मदत हवी आहे: आई आणि मतिमंद मुलगा दोघांना एकत्र ठेवून घेणारी जागा

बेळगावच्या वडगावात आमच्या शेजारी एक मावशी भाड्यानं राहतात, वय सत्तरीच्या पुढं, मुलगा चाळिशीचा, मतिमंद. शर्टाची बटणं लावतो, पण आई समोर नसली तर घास खात नाही. आता मालकानं खोली खाली करायला सांगितलंय. संध्या सुरक्षाचे (कर्नाटक सरकारची म्हाताऱ्यांची पेन्शन) महिन्याला १२०० आणि मुलाची पेन्शन, एवढ्यावर घर चालतं. बीपीएल कार्ड, यूडीआयडी (मुलाचं अपंगत्वाचं ओळखपत्र) दोन्ही आहे, जवळचं नातेवाईक कोणी नाही.

वृद्धाश्रमात विचारलं, ते मुलाला घेत नाहीत, मुलांच्या संस्थेत आईला जागा नाही. १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाईनवर फोन केला तर वृद्धाश्रमांचीच माहिती मिळाली. दोघांची ताटातूट करणं मनाला पटतच नाही, आणि नुसती खोली मिळून भागणार नाही, औषधं वेळेवर द्यायला, जेवणाचं बघायला कुणीतरी पाहिजेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, नाहीतर हुबळी-धारवाडकडं दोघांना एकत्र घेणारी कमी खर्चाची जागा माहीत आहे का? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या घरौंदा योजनेतलं (मतिमंद प्रौढांना कायम राहायची सोय) घर जवळपास कुठं आहे? आणि कोल्हापूर-गडहिंग्लजकडं सोय झाली तर पत्ता महाराष्ट्रातला होणार, मग इथली पेन्शन बंद होते का, कुणाला अनुभव आहे?