मदत हवी आहे: जुन्या लेन्स अ‍ॅडॅप्टरवर चालवू, की नव्या माउंटच्याच घेऊ?

मंडळी, दोन महिने डोकं खाजवून झालं, आता तुमच्या स्वाधीन.

माझी कॅनन ६डी थकलीय. शटर एकदा बदलून झालं, आता पुन्हा कुरकुरतंय. त्यामुळे मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) जायचं एवढं नक्की. लेन्स चार: २४-१०५ एफ/४, ८५ एफ/१.८, १०० मिमीची आयएसवाली (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी) मॅक्रो, आणि हौसेखातर घेतलेली एम४२ स्क्रूची (जुन्या पद्धतीची, आट्यांनी बसणारी) हेलिओस ५८ एफ/२. फोटो दोनच प्रकारचे काढतो, कीटक आणि रंगमंचावरची नाटकं. नाटकात फोकस रडवतो. ६डीच्या ११ बिंदूंपैकी मधला तेवढा क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेघा पकडणारा), बाकीचे दहा अंधारात असून नसल्यासारखे.

पर्याय दोन. एक, कॅननचीच आर६ मार्क २ घेऊन जुन्या लेन्स अ‍ॅडॅप्टरवर (बॉडी आणि लेन्स यांच्यामधल्या जोडावर) लावायच्या. दुसरा, सगळं विकून सोनी ए७ ४ आणि तिच्याच माउंटच्या (बॉडीवर लेन्स बसवायच्या जोडणीच्या) लेन्स.

खरी भीती अ‍ॅडॅप्टरचीच आहे. हेलिओस ६डीवर लावायला एक स्वस्तातली रिंग घेतली होती. ती इतकी ढिली की फोटोत एका बाजूची पानं धारदार आणि दुसऱ्या बाजूची लोण्यासारखी. सगळे अ‍ॅडॅप्टर असेच असतात का? शार्पनेस, फोकसचा वेग, काय काय गमवावं लागेल? वापरणाऱ्यांनीच सांगा, यूट्यूब पाहून झालंय.

काजवा:
तुमची रिंग आणि कॅननचा ईएफ-आर अ‍ॅडॅप्टर यांना एका मापाने मोजू नका. तुमच्या ६डीच्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमीवर, आर६ च्या आरएफमध्ये २० मिमीवर. मधले २४ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे हा अ‍ॅडॅप्टर. आत काच नाही, मग शार्पनेस कमी कशाने होणार?

वेगाचं म्हणाल तर १९८७ मध्ये ईएफ आणताना कॅननने बॉडी आणि लेन्समधली यांत्रिक जोडणीच काढून टाकली. फोकसची मोटर लेन्समध्ये, अ‍ॅपर्चर विजेवर. अ‍ॅडॅप्टरला फक्त तारा पुढे न्यायच्या असतात. निकॉनवाल्यांना हे सुख नाही. त्यांच्या एएफ-डी लेन्सना फोकससाठी बॉडीतला स्क्रू लागतो आणि एफटीझेड या निकॉनच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये तो फिरवणारी मोटर नाही, म्हणून त्या लेन्स झेड (निकॉनच्या मिररलेस) बॉडीवर हातानेच फोकस कराव्या लागतात. मी स्वतः तिथे पोळलोय.

उलटी_लेन्स:
काजवा यांच्याशी सहमत, पण नाण्याची दुसरी बाजूही ऐका. जुनी लेन्स नव्या बॉडीवर गेली म्हणून तिची मोटर नवी होत नाही. ८५ एफ/१.८ ची मोटर फोटोला चपळ आहे. व्हिडिओत मात्र तिची खरखर रेकॉर्ड होते आणि फोकस सरकताना झटके दिसतात. शिवाय अ‍ॅडॅप्टर लावला की वजन पुढे झुकतं. दोन-अडीच तासांच्या प्रयोगात मनगट सांगेल.

सोनीकडे जायचं तर पूर्ण जा. तिच्या ई माउंटला सिग्मा-टॅमरॉन या इतर लेन्स-कंपन्यांचा बाजार भरलेला आहे. आरएफला ऑटोफोकसवाल्या लेन्स काढायची परवानगी कॅननने या दोघांना दिली ती २०२४ मध्ये, आणि तीही एपीएस-सीपुरती (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती). पण ईएफ लेन्स सोनीवर लावून अंधारात नाटकं काढणार असाल तर नको. दोन कंपन्यांच्या भाषांमध्ये दुभाषा बसवल्यासारखं होतं ते. उजेडात निभतं, अंधारात तो अडखळतो.

बिनट्रायपॉड:
मॅक्रोची काळजी सोडा. १:१ ला (कीटक सेन्सरवर खऱ्या आकारात उतरतो तेव्हा) आपण स्वतःच पुढेमागे झुलून फोकस करतो, तिथे नेटिव्ह काय आणि परकी काय. हेलिओससाठी एम४२ ते आरएफ अशी थेट नळी घ्या, रिंगवर अ‍ॅडॅप्टर चढवू नका. जोड वाढला की डुगडुग वाढते. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करा आणि स्टॅबिलायझरला ५८ मिमी हा आकडा हाताने द्या, नाहीतर तो भलत्याच हिशोबाने सेन्सर हलवेल.

अंधुक_फोकस (धागाकर्ता):
सगळ्यांचे आभार. एका मित्राची आर६ मार्क २ आणि अ‍ॅडॅप्टर दोन दिवस मागून आणला आणि एक तालीम काढली.

८५ ने चकित केलं. कोपऱ्यातल्या नटाचा डोळाही पकडते, आणि ६डीवर मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (मेनूतून फोकसची चूक सुधारणं) करून करून दमलो होतो तो पुढे पडणारा फोकस गायब! मिररलेस सेन्सरवरच फोकस मोजतो हे वाचलं होतं, पटलं काल. या लेन्सला आयएस नाही, पण बॉडीच्या स्टॅबिलायझरमुळे १/३० लाही फोटो हलले नाहीत (नट हलले, तो भाग वेगळा). एफ/१.८ ला चकाकत्या कडांवर येणारी जांभळी किनार मात्र जशीच्या तशी आहे. अ‍ॅडॅप्टर पुढे हलतो का म्हणून दोनदा लेन्स पिळून पाहिली. नाही हलत.

तेव्हा बॉडी आणि अ‍ॅडॅप्टर पक्के. ८५ आणि मॅक्रो राहतील. २४-१०५ विकून आरएफची घेईन, कारण हातात सर्वात जास्त तीच असते आणि मनगटाचा मुद्दा खरा निघाला.

आता नवीनच दुखणं. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं, तर एलईडी दिव्यांखाली काही फोटोंत आडवे काळे पट्टे आलेत. लेन्स बदलून पाहिली, पट्टे तसेच. नाटकाचे फोटो काढणारे कोणी आहे का इथे? शटर स्पीड कमी करून भागतं, की आवाज सोसून मेकॅनिकलच वापरता?