ब्राह्मी तुपापेक्षा पिठातली अक्षरे

ब्राह्मी तुपाने मुलाचे वाचन सुधारेल, असे आपण लिहिले आहे. आपली तळमळ मला समजते. परंतु वाचनातील अडचण औषधाने जात नाही. लातूरजवळच्या आमच्या शाळेत तिसरीतील एक मुलगा ‘ब’ आणि ‘व’ यांत सतत गोंधळत असे. परातीत ज्वारीचे पीठ पसरून, अक्षर मोठ्याने उच्चारत ते बोटाने गिरवण्याचा सराव आम्ही रोज दहा मिनिटे घेतला, तेव्हा डोळे, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागले आणि दिवाळीनंतर तो न अडखळता ओळ वाचू लागला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अशी अडचण) समाविष्ट आहे, म्हणून परीक्षेतील सवलतींसाठी लागणारे प्रमाणपत्र काढायला कृपया दहावीपर्यंत थांबू नका.