छत नसलेल्या घराला नकाशात काय म्हणावे?

नरसाळा_नवशिकी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांपासून मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या नकाशावर, नागपूरच्या दिघोरी, नरसाळा आणि हुडकेश्वर या भागांतील इमारती हवाई छायाचित्रांवरून आखत आहे. पूर्ण झालेली घरे सहज ओळखता येतात. स्लॅबवर पाण्याची टाकी दिसते किंवा टिनाचे छप्पर चमकते. पण लेआउटांमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहतींत, असे अनेक चौकोन आहेत की ज्यांच्या भिंती स्पष्ट दिसतात, आतल्या खोल्याही मोजता येतात आणि वर मात्र काहीच नसते. त्यांना बांधकाम चालू असल्याची खूण द्यावी, पडके म्हणावे, की नुसती 'बिल्डिंग = येस' (प्रकार न सांगता फक्त इमारत) ही खूण पुरेशी आहे? माझ्या एका चौकोनावर कोणीतरी 'बिल्डिंग = रूफ' अशी दुरुस्ती केली आहे; तिचा अर्थही मला लागलेला नाही.

वर्धा_रोड_वाला

ताई, ती दुरुस्ती निःसंकोच परत फिरवा. 'रूफ' ही खूण नेमकी उलट वस्तूसाठी आहे, म्हणजे छत आहे पण बाजूला भिंती नाहीत अशा रचनेसाठी. पेट्रोल पंपावरचे छत हे तिचे सरळ उदाहरण. काम चालू असलेल्या इमारतीला 'बिल्डिंग = कन्स्ट्रक्शन' द्यावे आणि पुढे तिथे काय होणार हे ठाऊक असेल तर 'कन्स्ट्रक्शन = हाउस' अशी जोड द्यावी. ठाऊक नसेल तर जोड देऊ नये.

साइटवरचा_माणूस

वरचे उत्तर बरोबर आहे, पण काम चालू आहे हे छायाचित्रावरून ठरवायचे कसे, हा खरा प्रश्न त्यात राहून गेला. माझी बरीच वर्षे बांधकामावर देखरेख करण्यात गेली आहेत, म्हणून त्या बाजूने सांगतो.

आजकाल बहुतेक घरे कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभी राहतात आणि अशा घरात स्लॅब आधी पडतो, विटांच्या भिंती नंतर येतात. म्हणजे वरून पाहताना आधी जोता दिसतो, मग कॉलमचे ठिपके, मग सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतण्यासाठीच्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लेटा, आणि एके दिवशी अचानक स्लॅब. त्या दिवशी खाली एकही भिंत नसली तरी वरून घर पूर्ण झाल्यासारखे वाटते. म्हणून छत दिसले की घर झाले, असे समजू नये. उलट, पूर्ण उंचीच्या भिंती आहेत आणि छत नाही, ही अवस्था सांगाड्याच्या घरात सहसा येतच नाही. ती येते भिंतींवर भार घेणाऱ्या लहान घरात, जिथे पैशाअभावी स्लॅब किंवा टिन टाकायचे राहिलेले असते, किंवा जुन्या घराचे छप्पर गेलेले असते तिथे.

आणखी एक फसवणूक होते. नव्या स्लॅबवर पाणी मुरवण्यासाठी मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यांत पाणी साठवतात. वरून ते काळपट चौकोनांचे जाळे दिसते आणि पाहणाऱ्याला उघड्या खोल्या वाटतात. हे चौकोन साधारण सारख्या आकाराचे असतात आणि त्यांना दारांच्या फटी नसतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

शंका राहिलीच तर सावली पाहावी. डिसेंबरात सकाळी साडेदहाच्या सुमारास नागपुरात सूर्य आग्नेयेला साधारण ४० अंशांवर असतो, त्यामुळे सावली उंचीपेक्षा थोडी लांब आणि वायव्येकडे पडते. छत नसलेल्या १० फुटी भिंतीची सावली आत सुमारे १२ फूट जाते, म्हणजे लहान खोली जवळजवळ पूर्ण काळी दिसते. गच्चीच्या तीन फुटी कठड्याची सावली मात्र पूर्व आणि दक्षिण कडेने चारेक फुटांची पट्टी एवढीच असते. मेअखेरच्या छायाचित्रात ही युक्ती फारशी चालत नाही, कारण त्या दिवसांत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि सकाळच्या सावल्याही आखूडच असतात.

गच्चीवर सळया उभ्या दिसल्या म्हणून घर अपूर्ण ठरवू नये. वरचा मजला मुलगा बांधेल या आशेवर आपल्याकडे त्या वर्षानुवर्षे गंजत उभ्या असतात आणि खाली कुटुंब सुखाने नांदत असते.

महाल_इतवारी

भाऊंचे विवेचन उपयुक्त आहे, पण ते नव्या लेआउटांचे झाले. आमच्या महाल भागात छप्पर कोसळलेले जुने वाडे आहेत. त्यांना 'कन्स्ट्रक्शन' म्हणणे हास्यास्पद होईल. 'बिल्डिंग = रुइन्स' (पडकी इमारत) ही खूण प्रचलित असली तरी तिच्यावर आक्षेप आहेत, कारण या जागी इमारतीचा प्रकार लिहायचा असतो, तिची अवस्था नव्हे. मी 'अबँडन्ड : बिल्डिंग' (सोडून दिलेली इमारत) वापरतो, आणि तेही गल्लीतून जाऊन पाहिल्यावरच. मागच्या अंगणावरचे छप्पर गेले असले तरी पुढच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड असू शकते. उन्हाळी वादळात टिन उडालेले घरही छायाचित्रात उघडेच दिसते आणि पंधरा दिवसांत पुन्हा झाकले जाते. तेव्हा आधीपासून नकाशात असलेल्या घराची खूण केवळ एका छायाचित्रावरून बदलू नये. जाता जाता: रामटेकजवळ मनसरला उत्खननात निघालेले विटांचे अवशेषही वरून छत नसलेल्या खोल्यांसारखेच दिसतात. ते पुरातत्त्वीय स्थळ आहे, त्याला घरांच्या खुणा लावू नका.

साइटवरचा_माणूस

मान्य. तारखेबद्दल सांगायचे राहिले. एस्री या नकाशा-कंपनीच्या वेबॅक या जुन्या हवाई छायाचित्रांच्या संग्रहात २०१४ पासूनच्या आवृत्त्या आहेत. त्याच जागेची दोन-तीन छायाचित्रे शेजारी ठेवली की काम पुढे सरकते आहे की थांबले आहे, हे दिसते. मात्र आवृत्तीची तारीख आणि छायाचित्र घेतल्याची तारीख वेगळी असते, ती तपासून घ्यावी. गूगलच्या छायाचित्रांवरून आखणी करण्याची परवानगी नाही, हेही नव्याने येणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो.

नरसाळा_नवशिकी

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तीन चौकोन जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. पहिल्यावर नव्या छायाचित्रात स्लॅब आला आहे, तर दुसरा म्हणजे पाण्याचे वाफेच निघाले. तिसरा मात्र पाच वर्षांपूर्वीही असाच होता आणि आत झाड वाढलेले दिसत होते, म्हणून रविवारी गाडीने जाऊन आले. ते घर नव्हतेच. ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटची कंपाउंड वॉल आहे, आत साहित्य ठेवण्यासाठी घातलेल्या दोन अर्धवट आडभिंती आहेत आणि एका कोपऱ्यात टिन टाकून राखणदाराचे कुटुंब राहते. आता या संपूर्ण चौकोनाला इमारत म्हणावे का?

महाल_इतवारी

नाही. बाहेरची रेघ 'बॅरियर = वॉल' करा आणि आडभिंती सोडून द्या. कोपऱ्यातली टिनाची खोली तेवढी स्वतंत्र इमारत म्हणून आखा, कितीही लहान असली तरी, कारण या चौकोनात माणसे तिथेच राहतात. बदलाच्या नोंदीत प्रत्यक्ष पाहणी केल्याचे आणि रविवारच्या तारखेचे अवश्य लिहा, म्हणजे छायाचित्र पाहून पुन्हा कोणी त्याला 'रूफ' करणार नाही.