‘कर चुकवला’ की ‘कर चुकता केला’? : खेळाडूंच्या करबातम्यांमधले शब्द

मुद्रितशोधक
क्रीडापानाच्या मजकुरात एक वाक्य आलं आहे : ‘रोनाल्डोने १ कोटी ८८ लाख युरो चुकवले.’ मूळ हिंदी मजकुरात ‘चुकाए’ आहे. घटना २२ जानेवारी २०१९ची. माद्रिदच्या न्यायालयात रोनाल्डोने करगुन्हा कबूल केला, २३ महिन्यांची स्थगित शिक्षा स्वीकारली आणि जवळपास एवढी रक्कम भरायचं मान्य केलं. मराठीत ‘चुकवले’ ठेवलं तर अर्थ उलटा होतो, असं मला वाटतं. शिवाय चुकवणे, बुडवणे, टाळणे हे शब्द एकाच बातमीत आलटून पालटून येतात. त्यांच्यात रेघ कुठे ओढायची?

शब्दवेध
अर्थ पूर्ण उलटा होतो. हिंदीत ‘चुकाना’ म्हणजे देणं फेडणं. मराठीत ‘चुकवणे’ म्हणजे हुलकावणी देणं : नजर चुकवली, वार चुकवला, गाडी चुकवली. पैशांच्या बाबतीत हा अर्थ आणखी पक्का झाला आहे, कारण ‘करचुकवेगिरी’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आहे.

गंमत म्हणजे फेडण्याचा अर्थ मराठीतून गेलेला नाही, तो ‘चुकता’ या रूपात टिकला आहे. देणं चुकतं केलं, हिशेब चुकता केला, वाण्याची उधारी चुकती केली. दोन्ही रूपं एकाच ‘चुकणे’ची. एकात ‘संपणे, मिटणे’ हा अर्थ राहिला आणि दुसऱ्यात ‘हुकणे’ हा. म्हणून ‘कर चुकवला’ आणि ‘कर चुकता केला’ ही दोन टोकं आहेत. वाचणाऱ्याला मधला ‘ता’ दिसला नाही तर तो खेळाडूला चोर ठरवून मोकळा होतो.

तुमच्या वाक्यात ‘भरले’ लिहा, सरळ आणि निःसंदिग्ध. ‘चुकते केले’सुद्धा बरोबर आहे, पण मथळ्यात घाईने वाचणाऱ्याचा डोळा घसरतो. आणखी एक काळजी घ्या. रोनाल्डोवर जून २०१७ मध्ये जो आरोप झाला तो १ कोटी ४७ लाख युरोंचा होता. चुकवल्याचा आरोप एका आकड्याचा आणि भरायची रक्कम दुसऱ्या आकड्याची, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी देताना क्रियापद चुकलं की बातमीच बिघडते.

खातेवही
वरच्याशी सहमत. रेघेबद्दल लिहितो. मी हे शब्द असे वापरतो :

कर *वाचवणे* : कायद्याने दिलेली वजावट घेणे. विवरणपत्रात सगळं उघड असतं.
कर *टाळणे* : व्यवहाराची रचनाच अशी करणे की कर लागू नये. पटो न पटो, लपवलेलं काही नसतं. वाद अर्थ लावण्याचा असतो.
कर *चुकवणे* : उत्पन्न किंवा त्याचा खरा मालक लपवणे. इथून गुन्हा सुरू होतो.
कर *थकवणे* : कर ठरला, मागणी आली, पण भरला नाही. याला थकबाकी म्हणायचं, चोरी नाही.
कर *बुडवणे* : सरकारच्या हाती पैसा आलाच नाही, हा परिणाम. म्हणून नुसता आरोप असताना ‘बुडवला’ लिहू नये.

स्पेनमध्ये ही रेघ आकड्यानेही ओढलेली आहे. एका वर्षात एका करापोटी १ लाख २० हजार युरोंपेक्षा जास्त रक्कम चुकवली की फौजदारी गुन्हा होतो, त्याखाली करखात्याची कारवाई.

टाळणे आणि चुकवणे यांतला फरक समजायला स्पेनचा फुटबॉलपटू शाबी अलोन्सो याचं उदाहरण फार उपयोगी आहे. त्याने आपले प्रतिमाहक्क (नाव आणि छायाचित्र वापरू देण्याचे हक्क) पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या कंपनीकडे दिले होते. अशा प्रकरणांत इतर खेळाडूंनी तडजोड केली, याने नाकारली आणि खटला लढवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये निर्दोष सुटला, पुढे सर्वोच्च न्यायालयातही ते कायम राहिलं. त्याच्या नावापुढे ‘करचुकवा’ लिहिणं चूकच आहे.

टेनिसपटू बोरिस बेकरच्या बाबतीत तर दोन खटले एकात मिसळले जातात. २००२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने दिलेली दोन वर्षांची स्थगित शिक्षा कराची होती. कागदोपत्री तो मोनॅकोत राहत होता, प्रत्यक्षात म्युनिकमध्ये. २०२२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला अडीच वर्षं दिली आणि तो तुरुंगात गेला, ती दिवाळखोरी जाहीर झाल्यावर मालमत्ता *दडवल्याबद्दल*. ‘करचुकवेगिरीत बेकर तुरुंगात’ हा मथळा म्हणून चुकीचा.

पाठीराखा
मेस्सीच्या वेळी चाहत्यांचा मुख्य युक्तिवाद होता : ‘पैसे भरले होते की, मग शिक्षा कसली?’ हा प्रश्न शब्दांच्या अंगानेही पाहण्यासारखा आहे. त्याने २००७ ते २००९ या तीन वर्षांचे ४१ लाख युरो चुकवल्याचं न्यायालयाने धरलं. प्रतिमाहक्कांचे पैसे उरुग्वे, बेलिझ अशा ठिकाणच्या कंपन्यांमधून फिरवले होते. जून २०१३ मध्ये तक्रार झाली आणि ऑगस्टमध्ये बापलेकांनी ५० लाख युरो भरले. मग तो चुकवला म्हणायचा की चुकता केला?

खातेवही
दोन्ही, आणि क्रम महत्त्वाचा. स्पेनच्या कायद्यात चौकशीची नोटीस किंवा तक्रार येण्याआधी स्वतःहून पैसे भरले तर गुन्हा राहत नाही. नंतर भरले तर शिक्षा फक्त हलकी होते. मेस्सीने कर चुकवला आणि तक्रारीनंतर चुकता केला, असं एकाच वाक्यात लिहिता येतं. ‘नंतर’ हा शब्द मात्र गाळू नका, सगळा खटला त्या शब्दावर उभा आहे.

आकड्यांकडेही बघा. जुलै २०१६ मध्ये तीन वर्षांच्या तीन गुन्ह्यांसाठी प्रत्येकी सात महिने, म्हणजे २१ महिन्यांची शिक्षा झाली, शिवाय सुमारे २० लाख ९० हजार युरो दंड. २०१७ मध्ये तुरुंगाऐवजी रोजचे ४०० युरो या दराने पैसे भरण्याची मुभा मिळाली. महिना ३० दिवसांचा धरून २१ महिन्यांचे ६३० दिवस, गुणिले ४००, म्हणजे २ लाख ५२ हजार युरो. वडिलांची शिक्षा १५ महिन्यांवर आली होती, ४५० दिवसांचे १ लाख ८० हजार. ही रक्कम आधीच्या दंडाहून वेगळी आहे. दोन्हींना नुसतं ‘दंड’ म्हटलं की वाचणारा म्हणतो, ‘एवढ्या मोठ्या माणसाला अडीच लाखांत सोडलं!’ दुसरीला ‘कैदेऐवजी भरलेली रक्कम’ म्हणा.

भारतीय बातम्यांत आणखी एक भेद पाळावा. न्यायालय करतं तो *दंड*, आयकर अधिकारी लावतो ती *शास्ती*. आपल्या आयकर कायद्यात उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के आणि खोटं दाखवलं तर २०० टक्के शास्ती आहे. खटला त्याहून वेगळा.

आणि ‘मिलियन’! ४.१ मिलियन म्हणजे ४१ लाख. ‘४.१ कोटी’ छापलेलं दिसलं तर तिथेच थांबा.

शब्दवेध
मेस्सीच्या निकालात मला सर्वांत मोलाचा शब्द वेगळाच वाटतो. तो म्हणाला होता, मी फुटबॉल खेळत होतो, वडिलांवर विश्वास ठेवून सह्या करत होतो. न्यायालयाने हे मानलं नाही. जे सहज कळू शकत होतं ते मुद्दाम कळू न देणं म्हणजे निरपराध असणं नव्हे, असं सांगितलं. याला मराठीत तयार शब्द आहे : *डोळेझाक*. एरवी तो आपण दुसऱ्याच्या गैरकृत्याबद्दल वापरतो, पालिकेने अनधिकृत बांधकामाकडे डोळेझाक केली वगैरे. इथे माणूस स्वतःच्याच व्यवहाराकडे डोळेझाक करतो. ‘अज्ञान’ लिहिलं तर खेळाडू भोळा ठरतो, ‘कट’ लिहिलं तर सिद्ध झालं त्याहून जास्त होतं.

बार्सिलोना क्लबने तेव्हा ‘आपण सगळे लिओ मेस्सी’ अशी मोहीम काढली, दोन्ही पंजे उघडे धरून फोटो टाकायला सांगितले. स्पेनमधल्या पुष्कळ लोकांना ते खटकलं, क्लबच्या चाहत्यांनाही. पाठिंबा खेळाला द्यायचा की विवरणपत्राला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

मुद्रितशोधक
‘शेल कंपनी’ला काय लिहावं? ‘बनावट’ लिहून येतं.

खातेवही
बनावट नोट असते, बनावट सही असते. या कंपन्या रीतसर नोंदलेल्या असतात, फक्त त्यांच्याकडे कर्मचारी नसतात, धंदा नसतो. ‘कागदी कंपनी’ योग्य. ‘प्रतिमाहक्क’ चालेल, पण पहिल्या उल्लेखात ‘नाव आणि छायाचित्र वापरू देण्याचे हक्क’ असं उलगडा, नाहीतर प्रतिमा म्हणजे लौकिक असं वाटतं.

पाठीराखा
आपल्याकडचं सचिनचं उदाहरण राहिलं. तिथे तर ‘अभिनेता’ या शब्दाच्या अर्थावरच प्रकरण चाललं.

खातेवही
हो, आणि ते ‘वाचवणे’चं उत्तम उदाहरण आहे. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ८०आरआरनुसार लेखक, कलावंत, संगीतकार, अभिनेता, खेळाडू यांना परदेशातून आलेल्या व्यावसायिक उत्पन्नावर वजावट मिळायची. सचिनला ईएसपीएन स्टार स्पोर्ट्‌स, पेप्सिको आणि व्हिसा यांच्याकडून ५ कोटी ९२ लाख मिळाले होते. ते खेळण्याचे नव्हते, जाहिरातींचे होते. म्हणून त्याने अभिनेता या नात्याने १ कोटी ७७ लाखांची वजावट मागितली. अधिकाऱ्याने नाकारली : तुम्ही क्रिकेटपटू. २०११ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने सचिनची बाजू मान्य केली. प्रकाशझोत आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहून कौशल्य, कल्पकता वापरणारा त्या कामापुरता अभिनेताच, आणि एका माणसाचे दोन व्यवसाय असू शकतात. सगळं विवरणपत्रात लिहिलेलं होतं, त्यामुळे ‘सचिनने कर चुकवला’ हे वाक्य कुठेच बसत नाही.

फेरारीचं प्रकरण मात्र *माफी*चं. वजावट उत्पन्नातून होते, माफी लागू झालेल्या कराची. २००३ मध्ये भेट मिळालेल्या गाडीवरचं सुमारे १ कोटी १३ लाखांचं सीमाशुल्क सरकारने माफ केलं. लोक भडकले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क फियाट कंपनीने भरलं. त्यात सचिनने काही लपवलं नव्हतं. लोकांचा राग सरकारने दिलेल्या माफीवर होता आणि बातमीत कर्ता ‘सरकार’ हाच हवा.

मुद्रितशोधक
मग माझं वाक्य असं करतो : ‘करगुन्ह्याची कबुली देऊन रोनाल्डोने सुमारे १ कोटी ८८ लाख युरो भरण्याचे मान्य केले.’

शब्दवेध
बरोबर. मथळ्यात जागा कमी पडली तर ‘सुमारे’ कापू नका, ‘देऊन’ऐवजी स्वल्पविराम घाला.